शेळी बांधलेलीच होती

शेळी मेली हे सांगताना माणसाने निदान तोंडातलं बिस्कीट तरी गिळावं. आमच्या जावयांनी तेवढंही केलं नाही. चहात बुडवलेलं अर्धं बिस्कीट गालात, उरलेलं अर्धं बोटांत, आणि मधल्या फटीतून त्यांनी सांगितलं की आई, तुमची शेळी पुलावरून पडली, गेली. आणि त्याच दमात लेकीला विचारलं, आज चहात साखर जरा जास्त झाली आहे का गं.

माझ्या चहात साखर जास्त होत नाही. पण तो मुद्दा नंतरचा.

मी रागीट आहे असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. असेल. घरात कुणीतरी रागवावं लागतं, आणि बाकीची सगळी शिकलेली असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं आहे. मी शाळेत गेले ती अक्षरं ओळखू येईपर्यंत. दुकानाची पाटी, औषधाची बाटली आणि माणसाचं तोंड, एवढं मला नीट वाचता येतं. त्या दिवशी जावयांच्या तोंडावर दुःख कुठे लिहिलं आहे का ते मी बराच वेळ शोधलं. बिस्किटाचा चुरा होता.

शेळी खरी नव्हती हे आत्ताच सांगून टाकते. पुढे हा प्रश्न मला फार लोकांनी विचारला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने तर लेखी विचारला, म्हणून. शेळी खेळातली होती. लेक आणि जावई माझ्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहतात. त्यांचं जेवणाचं टेबल म्हणजे भिंतीला लावलेली फळी. जेवायचं तेव्हा पाडायची, झालं की उचलायची. माझं टेबल आठ माणसांचं आहे आणि चारी पायांवर उभं राहतं. म्हणून दर रविवारी दुपारी खेळ माझ्याकडे. टेबल माझं, चहा माझा, आवाज त्यांचा.

या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. जावई गोष्ट सांगतात, की पुढे जंगल आहे, जंगलात लुटारू आहेत. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते तोंडाने बोलतात. लेक तलवारवाली. तिची मैत्रीण दातांची डॉक्टर आहे, ती जादूगारीण. बोललेलं जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो, आणि फासा काय म्हणाला त्याचा अर्थ जावई एका जाड पुस्तकात बघून ठरवतात. म्हणजे सगळं जावईच ठरवतात.

हा गुण त्यांच्या नोकरीतून आलेला. ते विमा कंपनीत आहेत. लोकांचं दुकान जळतं, मग हे जातात आणि कुठल्या कलमाप्रमाणे ते जळणं धरता येत नाही ते समजावून येतात. माणूस वाईट नाही. निर्व्यसनी आहे, लेकीला दुखावत नाही, भांडी घासतो. पण त्याला जळलेलं दुकान दिसत नाही, कलम दिसतं.

खेळातल्या एकाची बदली झाली, खुर्ची रिकामी पडली, आणि मग माझी आठवण झाली. मानाने बोलावलं असं कुणी समजू नये. दोघींत खेळ रंगत नव्हता. जावयांनी माझ्यासमोर यादी धरली, की आई, तुम्ही यातलं कोण होणार. सगळे लढणारे. म्हटलं मी मीठ विकणारी होते. तुमच्या त्या जंगलात इतकी माणसं फिरतात, जेवण अळणी जेवतात का. ते त्यांना चाललं. मग म्हणाले, मीठवालीबरोबर एखादं सोबतीचं जनावर घ्या. लांडगा आहे, अस्वल आहे, ससाणा आहे. मी विचारलं, अस्वलाला खायला कोण घालणार. म्हणाले, ते खेळात येत नाही. खाणं ज्यात येत नाही ते जनावर मला नको होतं. म्हटलं मला शेळी द्या. मीठ लादता येईल आणि जे मिळेल ते खाईल.

शेळी यादीत नव्हती.

जावई आठवडाभर विचार करून पुढच्या रविवारी शेळीचा कागद घेऊन आले. सगळे आकडे. जीव इतका, चपळाई इतकी, चावा इतका. मी कागद उलटापालटा केला. रंग नाही, वय नाही, शिंगं आहेत की नाहीत तेही नाही. नाव टाकायच्या जागी नुसतं ‘शेळी’. मी तिला थोरली म्हणायचं ठरवलं. लेक म्हणाली, आई, मग मी कोण. म्हटलं, तू धाकटी, आणि हेवा करू नकोस.

त्याच दिवशी जंगलात लुटारू आले. मी म्हटलं, थोरली जाईल त्यांच्यावर. फासा टाकला, चांगला पडला, आणि जावई डोळे मोठे करून सांगायला लागले की शेळीने झेप घेतली आणि लुटारूच्या नरडीचा घोट घेतला. मी खेळ थांबवला. शेळी नरडीचा घोट घेते हे कोणत्या पुस्तकात आहे, मला दाखवा. तेव्हा कबूल झाले, की लांडग्याचेच आकडे वापरले आहेत, फक्त नाव बदललं आहे. सगळे असंच करतात म्हणे. आकडे तोललेले असले की नाव काहीही चालतं. मी म्हटलं, जावईबापू, ही तुम्ही दुकानाची नुसती पाटी बदललीत. आत माल लांडग्याचाच आहे.

पुन्हा आठवडा गेला. आता चावा गेला, ढुशी आली, कड्यावर चढणं आलं, काहीही खाणं आलं. पण बरोबर एक नियम आला, की शेळीने काही करायचं तर मी माझा डाव सोडायचा. नाहीतर शेळी जागच्या जागी उभी राहणार. का, तर एका माणसाला दोन डाव मिळाले की समतोल जातो. समतोल हा त्यांचा लाडका शब्द. मी विचारलं, मी भाजी चिरत असताना मांजर दुधाकडे जातं, ते काय माझा डाव घेऊन जातं का. यावर डॉक्टरीणबाई हसल्या आणि जावयांनी पुस्तक मिटलं. त्यांना पुस्तक मिटावं लागलं की कानाच्या पाळ्या लाल होतात.

तोड लेकीने काढली. म्हणाली, शेळीला जे करावंसं वाटतं ते तिने फुकट करावं; आईला तिच्याकडून जे करून घ्यायचं आहे त्याला डाव लागेल. किती सोपं. लेक माझी आहे, हे अशा वेळी दिसतं.

आता शेळीला काय करावंसं वाटतं. खावंसं वाटतं. तिने लुटारूंच्या तंबूचे दोर खाल्ले, तंबू त्यांच्याच अंगावर पडला. जकात नाक्यावरच्या अंमलदाराचा हुकूम खाल्ला, आम्ही फुकट पलीकडे गेलो. एकदा जादूगारणीचा मंत्र लिहिलेला कागद खाल्ला, तेव्हा मात्र डॉक्टरीणबाईंचं तोंड उतरलं. त्या म्हणायला लागल्या की मी इतकी वर्षं जादू शिकले आणि राज्यात नाव शेळीचं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझी एक दाढ अर्धवट कोरून ठेवलेली आहे आणि बाकीची अर्धी त्यांच्या हातात आहे.

जावयांनी त्यांचं ऐकलं. दर रविवारी खोडरबर घेऊन शेळीचा एखादा आकडा कमी करायचे. आज थोडा जीव काढला, उद्या थोडी चपळाई. समतोल म्हणे. माझ्या डोळ्यांसमोर शेळी कागदावर वाळत चालली होती आणि मी चहा करत होते.

आणि मग तो पूल. दोन कड्यांच्या मध्ये टांगलेला दोरांचा पूल, खाली खोल दरी, वारा सुटलेला. लेक म्हणाली, मी दोर धरून चालते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी बसून सरकते. मी म्हटलं, मी मिठाचं पोतं डोक्यावर घेते आणि चालते. जावयांनी शेळीच्या नावाने फासा टाकला, आणि बिस्कीट चहात बुडवलं.

मी म्हटलं, पडली कशी. ती माझ्या कमरेला बांधलेली आहे. ते म्हणाले, आई, तुम्ही तसं बोलला नाहीत. जे बोललं नाही ते घडलं नाही, हा खेळाचा पहिला नियम. मी म्हटलं, मी श्वास घेते असंही बोलले नाही, तरी मी जिवंत आहे ना. ते म्हणाले, श्वास धरलेला असतो. म्हटलं, मग दोरी का धरलेली नाही. त्यांनी खरोखर पुस्तक उघडून पाहिलं. श्वासाचा नियम होता. दोरीचा नव्हता.

इथे कुणाला वाटेल की मी शेळ्या वळून मोठी झालेली बाई. अजिबात नाही. मी आयुष्यात शेळी पाळलेली नाही. लहानपणी आमच्या शेजारणीकडे एक होती, ती बाई तिला कधी बांधायची नाही, आणि शेळी येऊन आमचे वाळत घातलेले कपडे खायची. माझा एक फ्रॉक तिने काखेपर्यंत खाल्ला होता. म्हणून शेळी बांधायची असते हे मला जितकं पक्कं ठाऊक आहे तितकं शेळीवालीलाही नव्हतं. मी शेळी घेऊन फिरते आणि ती मोकळी सोडते, हा माझ्यावर आरोप होता. मरण परवडलं.

मी उठले. फासे, कागद, पेन्सिली, ते जाड पुस्तक, सगळं चहाच्या ट्रेमध्ये भरलं आणि दाराबाहेर जिन्यात नेऊन ठेवलं. जावई पाठोपाठ आले, आई, शांत व्हा, म्हणाले. शांत व्हा म्हटलं की मला जे होतं ते झालं. आमचा जिना विहिरीसारखा आहे. वर बोललेलं तळापर्यंत शब्द न शब्द पोचतं. मी म्हटलं, माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या शेळीला मारलंत, आणि वर चहा प्यायलात.

दारं उघडल्याचे आवाज आले. माझी मान ताठ होती. एका चांगल्या बाईवर अन्याय झाला आहे हे लोकांना कळलं, असं मला वाटलं.

लोकांना काय कळलं ते दाराखालून आलेल्या नोटिशीवरून समजलं. आमचे सेक्रेटरी वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्याच्या तराजूखाली हात घालून पाहिलेला माणूस. त्यांनी लिहिलं होतं की मी परवानगीशिवाय राहत्या घरात जनावर पाळलं, ते माझ्या जावयाने राहत्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर मारलं, आणि याचा खुलासा समितीच्या बैठकीत समक्ष करावा. तोवर खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं ना-हरकत पत्र थांबवण्यात येत आहे.

हे शेवटचं वाक्य लेकीने दोनदा वाचलं. त्यांचा भाडेकरार संपत आला होता. समितीने ना-हरकत दिली नाही तर घरमालक करार पुढे वाढवणार नाही. आणि जावयांनी त्यांच्या कचेरीजवळ एक जागा आधीच बघून ठेवली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून.

मी लेकीवर जीव टाकणाऱ्यातली नाही. पण संध्याकाळी तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला वर ऐकू येतात, आणि ती नेहमी एक जास्त करते, आणि मी जिन्यातून ओरडून तिला गॅस बंद करायला लावते. दोन बस पलीकडून शिट्टी ऐकू येत नाही. तिचा भात लगदा होईल आणि कुणी सांगणार नाही. एवढंच.

शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला कमी केलं नाही. समोरचा शिंपी आला, दार लोटून घेतलं, आणि हळूच विचारलं, मटणाचे सगळे वाटे गेले का. वरच्या मजल्यावरची गाण्याची बाई म्हणाली, शेळी पाहुणी आली होती असं सांगा, पाहुण्यांना परवानगी लागत नाही. तळमजल्यावरचा वायरमन म्हणाला, कुत्रा होता म्हणा, कुत्र्याला चालतं. कुत्रा मारला म्हणून सांगू का, असं विचारलं तेव्हा त्याला त्याची शिडी आठवली आणि तो गेला. खरं सांगा, असा सल्ला एकानेही दिला नाही.

खरं सांगायला जावई गेले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून सेक्रेटरींकडे गेले आणि सांगितलं, हा खेळ आहे, शेळी मनातली आहे. परत आले तेव्हा शर्ट तोच होता पण माणूस चुरगळला होता. सेक्रेटरी म्हणाले होते, मी स्वतः बाईंचा आवाज ऐकला आहे, नसलेल्या शेळीसाठी कुणी इतकं ओरडत नाही. आणि नियमावलीत जनावर जिवंत असेल तर त्याची नगरपालिकेत नोंद लागते, मेलं असेल तर विल्हेवाटीची चिठ्ठी लागते, कुणाला दिलं असेल तर घेणाऱ्याची सही लागते. मुळातच नव्हतं, असं कलम नाही.

कलम नाही, हे वाक्य जावई रोज लोकांना सांगतात. ऐकायची त्यांची पहिलीच वेळ. मला बरं वाटलं, ते मी लपवलं नाही.

मग आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो, कारण मालकीण समक्ष लागते. आमचं तेव्हा बोलणं बंद होतं, त्यामुळे बाकावर मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो, आणि त्या जागेवर एक कोंबडीवाला येऊन बसला. मेलेल्या जनावरांच्या खिडकीवरच्या बाईने प्रेत कुठे आहे म्हणून विचारलं. प्रेत नाही म्हटल्यावर तिने जिवंतांच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथला कारकून म्हणाला, शेळी नाही असा दाखला मिळत नाही. आधी शेळीची नोंद करा, मग नोंद रद्द करा. नोंद नसेल तर रद्द काय करणार. जावयांच्या पाळ्या लाल झाल्या. हाही त्यांचाच माल होता, दुसऱ्या दुकानात.

कारकुनाने रंग विचारला. जावयांनी खिशातून शेळीचा कागद काढला आणि वाचायला लागले, जीव सात, चपळाई चौदा, ढुशी दोन. कारकून त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याने पुन्हा विचारलं, रंग काय. शिंगं आहेत का. मारकी आहे का गरीब आहे. जावयांनी कागद उलटा केला, मागे कोरा. इतके रविवार त्यांनी ती शेळी चालवली, खोडली, तोलली, मारली, आणि ती कोणत्या रंगाची होती ते त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्याकडे वळले. मी खिडकीवरच्या गजाकडे बघत म्हटलं, मेलेल्या शेळीचा रंग विचारू नये.

मेली असेल तर पलीकडच्या खिडकीत जा, कारकून म्हणाला.

जावई खालच्या आवाजात म्हणाले, “आई, आत्तापुरती जिवंत आहे असं धरू या का.”

“शेळी आत्तापुरती जिवंत नसते,” मी म्हटलं. “असते, नाहीतर नसते.”

कारकुनाने खिडकी बंद केली. त्याची जेवायची वेळ झाली होती, आणि मला वाटतं, त्याने ती जरा लवकर करून घेतली.

समितीची बैठक सोसायटीच्या तळघरातल्या खोलीत असते. तिथे एक टेबल टेनिसचं टेबल आहे, त्याला जाळी नाही. समिती त्याच्याभोवती बसते. एका कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि बिस्किटं. खुर्च्या भरल्या होत्या. एरवी पाण्याच्या टाकीचा विषय असला की तीन माणसं येतात. लेक माझ्या शेजारी बसली होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. ती सकाळी एवढंच म्हणाली होती की तुम्ही दोघं शेळीवरून भांडा, सामान मात्र मलाच बांधायचं आहे.

सेक्रेटरींनी नोटीस वाचली. जावई उभे राहिले. नियमावलीत त्यांनी रंगीत चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या. पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्याला शिंप्याने जांभई दिली. सेक्रेटरी म्हणाले, साहेब, कलमं माझ्याकडे पण आहेत. शेळी जिवंत आहे की मेली, तेवढं सांगा.

जावयांनी पुस्तक खाली ठेवलं. लेकीकडे पाहिलं. ती तिच्या नखांकडे बघत होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घातली. माझ्याकडून त्यांना काही मिळणार नव्हतं.

“जिवंत आहे,” ते म्हणाले.

सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या सासूबाई तर म्हणाल्या की मारली.

“पुलावरून पडली. पण खाली गेली नाही. सासूबाईंच्या कमरेला बांधलेली होती.”

“बांधताना कुणी पाहिलं?”

“पाहायचं काय त्यात,” जावई म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. “शेळी असलेलं माणूस शेळी बांधतंच. तुम्ही घरातून निघताना चपला घातल्या, हे कुणाला सांगून निघता का?”

सेक्रेटरींनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. माझी दोरी, माझा मुद्दा, जसाच्या तसा उचललेला. नाही म्हणायला चपलांचा दाखला जावयांचा स्वतःचा होता.

आणि मग ते थांबेनात. वारा कसा सुटला, पूल कसा आडवा झाला, मीठवाली एका हाताने पोतं आणि एका हाताने दोर धरून कशी उभी राहिली. खाली थोरली लोंबकळते आहे. त्यांनी तिला थोरली म्हटलं. तपकिरी आहे, एक कान पांढरा आहे, आणि दरीवर लोंबकळत असताना ती काय करते आहे, तर वर मान करून तीच दोरी खाते आहे. शिंपी खुर्चीच्या कडेला आला. गाण्याच्या बाईने तोंडावर हात ठेवला. कान पांढरा नाही, नुसतं टोक पांढरं, हे मी तिथेच दुरुस्त केलं. ज्याचं त्याला मिळायला हवं.

सेक्रेटरींना हळूहळू समजत होतं. त्यांनी विचारलं, हा पूल नेमका कुठे आहे. जावई म्हणाले, आपल्या आवारात नाही. मेली असती तर ती बाईंच्या टेबलावर मेली असती, जिन्यात सगळ्यांनी ऐकलं तसं. जिवंत असेल तर ती पुलावर आहे, आणि पूल आवाराच्या बाहेर आहे. बाहेरच्या जनावराला समितीची नियमावली लागू होत नाही. पहिलंच कलम.

हे मात्र त्यांनाच सुचावं. मी तोंड वाकडं केलं, पण मनात नोंद घेतली.

“मग वर आली का ती?” सेक्रेटरींनी विचारलं. नोटीस त्यांच्या हातात होती, पण हा प्रश्न नोटिशीतला नव्हता.

“तो डाव सासूबाईंचा,” जावई म्हणाले.

मी म्हटलं, ओढली वर, दुसरं काय करणार. आणि या माणसाने, साऱ्या सोसायटीसमोर, लेकीचं घर टांगलेलं असताना, खिशात हात घातला आणि तो वीस बाजूंचा फासा काढून माझ्यापुढे ठेवला. पोतं डोक्यावर आहे, वारा आहे, दोरी चावलेली आहे, म्हणून बारा किंवा वर पडायला हवं, म्हणाले. पोतं खाली ठेवलं तर आठ चालतील. मी म्हटलं, मीठ सांडेल. ते म्हणाले, मग बाराच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फासा उचलला आणि टाकला म्हणण्यापेक्षा हाणला. तो टेबलावर टणकला, कडेवरून खाली गेला आणि सेक्रेटरींच्या खुर्चीखाली जाऊन थांबला.

कुणी श्वास घेत नव्हतं. पुस्तकात तो धरलेला असतो म्हणून बरं.

सेक्रेटरी वाकले. चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं. आयुष्यभर ज्याने कुणाला छटाकभर सोडलं नाही त्या माणसाने फासा उचलला, मुठीत धरला, सरळ बसला, आणि मग म्हणाला, “चौदा.”

उचलल्यावर सांगितलं. आधी नाही. मी पाहिलं. मी पाहिलं म्हणजे जावयांनी पाहिलंच. जमिनीवर गेलेला फासा हलवण्याआधी सगळ्यांनी बघायचा, नाहीतर पुन्हा टाकायचा, हा त्यांचाच नियम. त्यावरून एकदा त्यांनी लेकीला पुन्हा टाकायला लावून तिची तलवार दरीत घालवली आहे. त्यांनी तोंड उघडलं. पाळ्या लाल झाल्या. मग तोंड मिटलं, शेळीचा कागद काढला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, तपकिरी, एका कानाचं टोक पांढरं.

सेक्रेटरींनी नोटिशीवर शेरा मारला की जनावर आवाराबाहेर असून बांधलेलं आहे, उपद्रव नाही. ना-हरकत पत्रावर तिथल्या तिथे सही झाली. लोक उठले, थर्मासकडे गेले. शिंप्याने जावयांना बाजूला घेऊन विचारलं की पलीकडच्या कड्यावर काय आहे. सेक्रेटरींनी फासा परत द्यायला जरा वेळ लावला. लेकीने माझ्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसा, आणि कुकर लावायला पुढे गेली.

आम्ही जिना चढायला लागलो. मी पुढे, जावई मागे. मला वाटलं हा माणूस आज काहीतरी शिकला. एक मजला चढेपर्यंत मला तसं वाटत राहिलं. मग मागून आवाज आला, की आई, आता ती दोरी चावली गेली आहे, तेव्हा येत्या रविवारी नवी दोरी बांधली असं तुम्ही सुरुवातीलाच बोलून टाका, म्हणजे पुन्हा वाद नको.

आवाज जरा दाटलेला वाटला म्हणून मी वळून पाहिलं. समितीच्या ताटलीतलं अर्धं बिस्कीट बोटांत, अर्धं गालात.

मी दोन पायऱ्या वर होते. तिथूनच बोलले, आणि जिना आमचा कसा आहे ते मला माहीत होतं.

“जावईबापू, आधी ते बिस्कीट गिळा. आता ऐका. तुमचा हिशोब चोख आहे, पण तुम्हाला जनावर कळत नाही, आणि माणूस कळतं ते चार लोक तुमच्या विरुद्ध बसल्याशिवाय नाही. तरी आज तुम्ही तोंड उघडून मिटलंत, ते मी पाहिलं, म्हणून सांगते. शेळी राहील. तुम्हीही राहाल. पण दोघांनाही मी बांधलेलं आहे, आणि ते मी दर रविवारी बोलून दाखवणार नाही.”